आगगाडीची रेघ आणि खाडीचे पाणी

श्रोतेहो, आजचा विषय चित्राचा आहे, आणि आकाशवाणीवर तर चित्र दाखवता येत नाही. तेव्हा बोलण्याचे काम मी करतो, चित्र मात्र तुम्ही काढायचे. घरात चौकडीचा कागद असेल तर उत्तमच. तो नसेल तर मुलाची पाटी घ्या. पाटीही हाताशी नसेल तर सारवलेले अंगण आणि चिमूटभर रांगोळी पुरे. ठिपक्यांची रांगोळी घालणारी आमची प्रत्येक आईबहीण हे काम निम्मे शिकलेलीच आहे. ‘तिसऱ्या ओळीतला पाचवा ठिपका’ असे ती म्हणते, तेव्हा दोन आकड्यांनी एक जागा नेमकी दाखवते. सतराव्या शतकात, १६३७ साली, देकार्त नावाच्या फ्रेंच पंडिताने भूमितीवरचा ग्रंथ छापला. आडवा एक आकडा आणि उभा एक आकडा धरून बिंदूची जागा सांगायची आणि रेषेला समीकरणात बांधायचे, हा मार्ग त्या ग्रंथापासून रूढ होत गेला. शाळेच्या पुस्तकात त्याचेच नाव आहे आलेख.

आलेख म्हटला की मुले बिचकतात. क्ष-अक्ष, य-अक्ष, निर्देशक, फलन, असे जड शब्द एकामागून एक येतात आणि हे सारे कशासाठी हे कुणी सांगत नाही. म्हणून आज आपण जड शब्द मागे ठेवू आणि ठाणे-कल्याणच्या माणसाला रोज भेटणाऱ्या दोन गोष्टी घेऊ. एक आगगाडी आणि दुसरी खाडी.

आधी गाडी. १६ एप्रिल १८५३ या दिवशी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून पहिली उतारू गाडी ठाण्याला निघाली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि ओढायला तीन इंजिने. त्यांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. अंतर २१ मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ३४ किलोमीटर. प्रवासाला वेळ किती लागला? काही वृत्तांत ५७ मिनिटे सांगतात, काही सव्वा तास सांगतात. आपल्याला दोन्ही उपयोगी आहेत.

कागदावर खाली एक आडवी रेघ मारा. ती वेळेची. डाव्या टोकाला ३ वाजून ३५ मिनिटे लिहा आणि पुढे दर बोटाला दहा मिनिटे धरा. डाव्या टोकावरून एक उभी रेघ वर न्या. ती अंतराची. तळाला बोरीबंदर म्हणजे शून्य, आणि वर ३४ किलोमीटरवर ठाणे. गाडी निघाली तेव्हा ती शून्यावर होती, म्हणून दोन्ही रेघांच्या सांध्यावर एक ठिपका द्या. ५७ मिनिटांनी ती ठाण्याला आली असे धरून तिथे दुसरा ठिपका द्या. दोन्ही ठिपके फुटपट्टीने जोडा. आता त्याच आरंभापासून ७५ मिनिटांच्या ठिपक्यापर्यंत दुसरी रेघ काढा. एकाच जागेहून निघून एकाच उंचीवर पोचणाऱ्या या दोन रेघा आहेत, पण पहिली जास्त उभी आहे आणि दुसरी जास्त कललेली. या कलण्याला गणितात रेषेचा चढ म्हणतात. इथे चढ म्हणजेच गाडीचा वेग. पहिल्या रेघेचा वेग तासाला सुमारे ३६ किलोमीटर येतो, दुसरीचा सुमारे २७. आकडेमोड न करताही डोळा सांगतो की पहिली गाडी वेगवान. आलेखाचा पहिला उपयोग हाच. दोन गोष्टी ताडून पाहण्याचे काम तो डोळ्याकडून करून घेतो.

अर्थात, कोणतीही गाडी इतकी सरळ जात नाही. ती थांबते. गाडी थांबली की अंतर वाढत नाही, पण घड्याळ चालूच राहते. म्हणून थांब्याच्या जागी रेघ सपाट, आडवी होते. ठाण्याहून कल्याणला जाणारी धीमी लोकल घ्या. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि कल्याण. तिची रेघ जिन्यासारखी दिसेल: थोडी चढण, थोडी सपाटी, पुन्हा चढण. सपाटी जितकी लांब तितका थांबा मोठा. डोंबिवलीची सपाटी कळव्याच्या सपाटीपेक्षा लांब निघाली तर मुलांना कारण विचारा. ज्याने सकाळी डोंबिवलीचा फलाट पाहिला आहे त्याला ते सांगावे लागणार नाही.

या जिन्यासारख्या रेघेत गणिताचा एक मोठा नियम लपला आहे. कोणत्याही क्षणी गाडी एकाच जागी असते. आठ वाजता ती दिव्यालाही आहे आणि डोंबिवलीलाही आहे, असे होत नाही. म्हणून वेळेच्या कोणत्याही खुणेवरून सरळ वर गेलात तर गाडीची रेघ एकदाच भेटते, दोनदा नाही. एका वेळेला एकच जागा. जिथे पहिल्या राशीच्या प्रत्येक किमतीला दुसरीची एक आणि एकच किंमत मिळते, त्या संबंधाला फलन म्हणतात. उलट बाजूने मात्र हा नियम नाही. गाडी एकाच जागी पुष्कळ मिनिटे असू शकते, थांब्यावर ती असतेच. म्हणून आडवी रेघ चालते, उभी चालत नाही. उभी रेघ म्हणजे गाडी वेळ न घालवता कळव्याहून कल्याणला पोचली. आणि डावीकडे मागे वळणारी रेघ म्हणजे घड्याळच उलटे फिरले. एखाद्या मुलाने वहीत अशी रेघ काढली तर तांबड्या शाईची फुली मारण्याआधी त्याला एवढेच म्हणा, ‘बाळ, ही गाडी मला चालवून दाखव.’ आपली चूक त्याची त्यालाच दिसेल.

आता एका गोंधळाबद्दल सांगतो. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. मी एकदा मुलांपुढे फळ्यावर गाडीची अशीच रेघ काढली. आधी कललेली, मग एकदम उभट. विचारले, ‘इथे गाडीचे काय झाले?’ एक चुणचुणीत मुलगा उठून म्हणाला, ‘सर, कसारा घाट लागला, गाडी हळू झाली.’ सारा वर्ग हसला, पण मी हसलो नाही. त्याने आलेखाला डोंगराचे चित्र समजून वाचले होते, आणि आपल्यापैकी पुष्कळ मोठी माणसेही तसेच वाचतात. फळ्यावरची उभट रेघ सांगत होती की गाडीचा वेग वाढला. मुलगा अगदी उलटे सांगत होता.

त्याची चूक मात्र निरर्थक नव्हती. दोन वेगळे आलेख त्याच्या मनात एक झाले होते. कसारा ते इगतपुरीचा थळ घाट आणि कर्जत ते लोणावळ्याचा बोर घाट, या दोन्ही मार्गांवर सर्वांत कठीण चढ सदतिसास एक असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर वर चढतो. ३ किलोमीटर ७०० मीटर गेलात की तुम्ही १०० मीटर उंच. पायी चालणाऱ्याला हे काहीच वाटत नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक धरून ठेवायला हा चढ भारी पडतो. म्हणून घाटात गाडीला जादा इंजिने जोडतात. बोर घाटाचा मार्ग १८६३ साली सुरू झाला आणि थळ घाटाचा १८६५ साली. आता आडव्या रेघेवर अंतर आणि उभ्या रेघेवर उंची घेतली, तर घाटाचा आलेख डोंगरासारखाच दिसेल. पण आडव्या रेघेवर वेळ आणि उभ्या रेघेवर अंतर घेतले, तर घाटातली रेघ उलट जास्त कललेली होईल, कारण गाडी हळू जाते. डोंगर तोच आणि गाडीही तीच, पण अक्षांवरच्या राशी बदलल्या आणि चित्र उलटे झाले.

म्हणून मुलांना पहिला धडा हा द्या: रेघ पाहण्याआधी अक्ष वाच. आडवे काय, उभे काय, एका घराला किती, आणि सुरुवात शून्यापासून आहे की मधूनच, हे चार प्रश्न. हे विचारल्याशिवाय आलेखाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. आज वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर आलेखांचा पाऊस पडतो आहे. तळ कापून थोडी वाढ मोठी दाखवतात, घरे ताणून मोठी वाढ लहान दाखवतात. ज्याला हे चार प्रश्न विचारता येतात त्याला फसवणे कठीण.

हा गाडीचा आलेख शाळेपुरताच आहे असे समजू नका. फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने १८७८ साली आलेखाच्या पद्धतीवर मोठा ग्रंथ छापला. त्यात पॅरिस ते लियाँ मार्गावरच्या सगळ्या गाड्यांचा असा एक आलेख आहे. त्याचे श्रेय इब्री नावाच्या अभियंत्याला देतात. आपल्याकडेही रेल्वेच्या नियंत्रण कक्षात हीच पद्धत चालत आली. मोठ्या छापील तक्त्यावर आडवी वेळ आणि उभी स्टेशने. नियंत्रक कानाला टेलिफोन लावून प्रत्येक स्टेशनातून खबर घ्यायचा, ‘अमुक गाडी इतक्या वाजता सुटली,’ आणि रंगीत पेन्सिलीने रेघ पुढे न्यायचा. आता रेघ संगणक काढतो. पण पडद्यावर दिसते तीच ही रेघ.

ती एवढी महत्त्वाची का, ते दोन गाड्या एका कागदावर घेतल्या की कळते. समजा, धीमी गाडी ठाण्याहून आठ वाजता निघाली आणि थांबे धरून सरासरी ताशी ३० किलोमीटर चालली. ठाणे बोरीबंदरपासून सुमारे ३४ किलोमीटरवर, कल्याण ५४ वर. म्हणजे २० किलोमीटरला ४० मिनिटे, आठ चाळीसला कल्याण. जलद गाडी दहा मिनिटे उशिरा निघाली, पण ताशी ६०च्या वेगाने. ती वीस मिनिटांत, साडेआठलाच कल्याणला. दोन्ही रेघा काढा. त्या एकमेकींना छेदतात. छेदबिंदूपासून खाली आलात तर आठ वाजून वीस मिनिटे, डावीकडे गेलात तर ४४ किलोमीटर, म्हणजे दिवा ओलांडून डोंबिवलीच्या अलीकडे. हेच बीजगणिताने सोडवले तर दोन समीकरणे मांडावी लागतात. वेळ क्ष मिनिटे धरली तर धीमी गाडी ठाण्यापासून क्ष भागिले २ किलोमीटरवर आणि जलद गाडी क्ष उणे १० किलोमीटरवर. दोन्ही समान करा, क्ष वीस येतो. मुले ही समीकरणे वर्षभर सोडवतात, पण उत्तराचा अर्थ त्यांना विचारला तर गप्प बसतात. अर्थ साधा आहे. आठ वीसला धीम्या गाडीच्या खिडकीतल्या माणसाला शेजारून जलद गाडी धडधडत पुढे जाताना दिसेल.

दिसेल, पण शेजारी वेगळा रूळ असेल तरच. रूळ एकच असेल तर तो छेदबिंदू म्हणजे मागून बसलेली धडक. म्हणून रूळ वाढवावे लागतात. १९१६ साली पारसिकचा बोगदा सुरू झाला आणि जलद मार्गाला डोंगरातून वेगळी वाट मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे ते दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. कागदाच्या भाषेत सांगायचे तर, एका तक्त्यावर ज्या रेघा एकमेकींना छेदू शकत नव्हत्या, त्यांच्यासाठी दुसरा तक्ता मिळाला.

एकेरी मार्गाची खरी परीक्षा समोरासमोरच्या गाड्यांची. कल्याणहून कर्जतकडे जाताना नेरळ लागते. तिथून माथेरानची लहान गाडी निघते. १९०७ साली सुरू झालेला हा डोंगरी मार्ग एकेरी आहे. वर जाणाऱ्या गाडीची रेघ कागदावर चढती, खाली येणारीची उतरती. दोन्हींची फुली होणारच. ती फुली स्टेशनात, जिथे बाजूला दुसरा रूळ आहे, तिथेच पडली पाहिजे.

हिशेबापुरते आकडे घेऊ. मार्ग २० किलोमीटरचा, दोन्ही गाड्या ताशी १० किलोमीटर चालणाऱ्या, आणि बाजूचा रूळ खालून ८ किलोमीटरवरच्या स्टेशनात. दोन्ही गाड्या एकाच वेळी सोडल्या तर तासाभराने १० किलोमीटरवर समोरासमोर येतील, म्हणजे मोकळ्या रानात. मग काय करायचे? फुटपट्टी हलवायची. उतरत्या गाडीची रेघ कलती तशीच ठेवून डावीकडे सरकवा, फुली ८ किलोमीटरच्या रेघेवर बसेपर्यंत. किती सरकली ते मोजा. खालच्या गाडीला ८ किलोमीटरला ४८ मिनिटे लागतात, वरच्या गाडीला १२ किलोमीटरला ७२ मिनिटे. फरक २४ मिनिटांचा. वरची गाडी २४ मिनिटे आधी सोडा, दोघी स्टेशनात सुखरूप भेटतील. वेळापत्रक बनवणे म्हणजे मुळात हेच, रेघा सरकवणे. आलेखातली चूक इथे परीक्षेच्या दोन गुणांवर भागत नाही. तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते.

आता गाडीतून उतरू आणि खाडीवर जाऊ. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा आणि खाडीकाठच्या आगरी मंडळींचा एक जुना हिशेब आहे. तिथी घ्या, शुद्ध असो की वद्य, आणि तिची पाऊणपट करा. जितके येतील तितक्या वाजता भरती, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा ठोकताळा मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी त्याहून उशिरा चढते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. ती पाऊणकी म्हणजे एक फलनच आहे. शाळेच्या भाषेत लिहायचे तर य बरोबर तीन चतुर्थांश क्ष.

ती कागदावर काढा. आडव्या रेघेवर तिथी एक ते पंधरा, उभ्या रेघेवर घड्याळाचे तास शून्य ते बारा. एकला पाऊण, चारला तीन, आठला सहा, बाराला नऊ. सारे ठिपके एका सरळ रेषेत बसतात आणि ती रेषा मागे वाढवली तर आरंभबिंदूतून जाते. दर तिथीला ती पाऊण तास वर चढते, हा तिचा चढ. पंधराव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेला किंवा अमावास्येला, ती सव्वा अकरावर येते.

आणि दुसऱ्या दिवशी? प्रतिपदा. पुन्हा एक, म्हणून पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. काल सव्वा अकरा, आज पाऊण. मधले अंतर दीड तास! आदल्या प्रत्येक दिवशी पाऊण तासाने पुढे जाणारी भरती एकाच दिवशी दुप्पट कशी उडेल? समुद्र पंचांग पाहून उडी मारत नाही. कोष्टक पाठ म्हणताना ही फट कुणाला जाणवत नाही. कागदावर पंधरवड्याची रेषा दुसऱ्या पंधरवड्याच्या रेषेला जोडायला जा, सांध्याला ती ठळक दिसते.

चूक कुठे आहे तेही रेषाच सांगते. पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळाची एक पूर्ण फेरी करते, म्हणजे बारा तास. बाराला पंधराने भागा, चार पंचमांश तास येतो, म्हणजे ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटे मागे पडत पंधराव्या दिवशी पाऊण तास मागे. रेषेचा चढ अगदी किंचित वाढवला की ती नेमकी बारावर पोचते आणि सांधा जुळतो.

म्हणून आमच्या वाडवडिलांना चुकीचे ठरवू नका. चार पंचमांशाचा पाढा कुणाला येतो? पाऊणकी प्रत्येकाला येत होती, आणि होडी लोटायला तीन मिनिटांचा फरक कुणी पाहत नाही. शिवाय खरी भरती ४८ मिनिटांच्या रेषेवरही तंतोतंत बसत नाही. चंद्राची गती, वारा, खाडीचा आकार यांनी ती पुढेमागे होते. नियम हा सत्याचा जवळचा सोयरा असतो, आणि तो किती जवळचा हे आलेख दाखवतो. ही गोष्ट वर्गात सांगा. मुलांना कळेल की गणित पुस्तकातून खाडीवर गेलेले नाही. ते खाडीवर आधीपासून होतेच.

आतापर्यंत सरळ रेघा झाल्या. पण खाडीचे पाणी स्वतः कसे चढते? सरळ रेषेत चढत नाही. खलाशांचा एक ढोबळ नियम आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सुमारे सहा तास घ्या आणि पाणी जितके चढणार त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासाला एक भाग चढतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. समजा ओहोटीला पाणी ६० सेंटिमीटर आहे आणि ते एकूण ३६० सेंटिमीटर चढणार आहे. म्हणजे एक भाग ३० सेंटिमीटरचा. तासातासाला उंची होईल ९०, १५०, २४०, ३३०, ३९० आणि ४२०. ठिपके द्या आणि हाताने हलकेच जोडा. इथे फुटपट्टी नको. तळाशी रेघ सपाट, मधे उभट, माथ्यावर पुन्हा सपाट. उतरताना तसेच उलटे. सारे चित्र गुळगुळीत लाटेसारखे दिसेल.

माथ्याची ती सपाटी नीट पाहा, कारण माणसाचे नुकसान तिथेच होते. भरतीच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक तास, अशा दोन तासांत पाणी माथ्यापासून ३० सेंटिमीटरहून खाली जात नाही. त्या वेळी ओढ्यानाल्यांचे पाणी खाडीत उतरायला वाव नसतो. २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. दुपारी २ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती, आणि पावसाचा खरा जोर दुपारनंतर धरला. पावसाची रेघ आणि भरतीची रेघ एका कागदावर काढली तर दोन्ही एकाच वेळी वर जाताना दिसतात. वरून पाणी कोसळते आहे आणि खाली बाहेरचे दार बंद आहे. उल्हास नदीत भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते. त्या दिवशी बदलापूर-कल्याणच्या नदीकाठच्या माणसांनी जे भोगले ते मी सांगायला नको. पण एवढे खरे की पाऊस किती हा एकटा प्रश्न अपुरा आहे. पाऊस किती आणि त्याच वेळी खाडी किती, हे दोन प्रश्न एका कागदावर आणावे लागतात.

म्हणून माझी एक सूचना आहे. खाडीकाठच्या आणि नदीकाठच्या प्रत्येक शाळेने पावसाळ्यात असा एक तक्ता भिंतीवर लावावा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवला आणि पट्टीने रोज ठरल्या वेळी पाणी मोजले की पाऊस कळतो. भरतीची वेळ आणि उंची छापील तक्त्यात किंवा मोबाइलवर मिळते. ओढ्याच्या काठी एका खांबावर रंगाने खुणा करा. मुलांनी पुलावर उभे राहून त्या वाचाव्यात, काठाशी उतरू नये, आणि पूर असेल तेव्हा पुलाकडे फिरकूसुद्धा नये. पाऊस, भरती आणि ओढा, या तीन रेघा तीन रंगांत काढा. दोन पावसाळ्यांत गावाला आपल्या पाण्याचा स्वभाव कळू लागेल: पाऊस पडल्यावर किती वेळाने ओढा चढतो, आणि भरती असली म्हणजे किती वेळ तुंबतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञालाही तो कागद उपयोगी पडेल.

जाता जाता एका शिक्षकाची आठवण. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्याला शाळेत शिकले, आणि घाटापलीकडे देवळालीला १९६२ पर्यंत शाळामास्तर होते. आकड्यांचे त्यांना वेड. डोंबिवली स्टेशनाचे जुने नाव डेम्लो. तिथे त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या असेच नाव दिले. त्यांतल्या काहींची ओळख सोपी आहे. अकराचा वर्ग करा, १२१ येतो. एकशे अकराचा वर्ग १२३२१. एक हजार एकशे अकराचा वर्ग १२३४३२१. आता या शेवटच्या संख्येचे अंक क्रमाने आलेखावर मांडा: पहिल्या घराला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार, आणि मग पुन्हा तीन, दोन, एक. ठिपके जोडा. सात घरांत एक सुबक टेकडी उभी राहील, दोन्ही अंगांनी सारखी.

गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला फलाटावर एवढे सापडू शकते. तुमच्या अंगणातल्या रांगोळीत, बांधावरच्या पावसात आणि खाडीच्या पाण्यात याहून कमी नाही. एक आडवी रेघ आणि एक उभी रेघ, एवढ्या भांडवलावर उद्या सकाळीच सुरुवात करता येईल.